गवत मोजावे कसे?

भाद्रपद सरत आला म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याचा डोंगराळ मुलूख पाहण्यासारखा असतो. काळी नदीच्या खोऱ्यात, उळवीच्या बाजूला गुंद नावाचे गाव आहे. सभोवती दाट रान, रानाच्या कडेला भाताची खाचरे, आणि जेथे झाडांनी जागा सोडली आहे तेथे कमरेएवढे वाढलेले गवत. या भागातील कुणबी माणसाला आपण विचारावे, की यंदा गवत कसे आहे? तो उतरणीकडे एकवार पाहील आणि सांगेल, ‘बरे आहे’, किंवा ‘गेल्या सालाएवढे नाही’. त्याचे उत्तर बहुधा खरे असते. परंतु त्याला कोणी पुढे विचारले, की किती कमी? चार आणे की आठ आणे? आणि कमी म्हणजे नेमके काय कमी? बुंधे कमी, उंची कमी, की जनावर ज्याला तोंड लावते ते गवत कमी? मग मात्र तो घोटाळ्यात पडेल. आणि तो एकटाच नव्हे, तर शास्त्रज्ञही याच प्रश्नापाशी शंभर-सव्वाशे वर्षे अडखळत आले आहेत. गवत मोजण्याच्या विद्येचा इतिहास हा या अडखळण्याचा इतिहास आहे, आणि तोच आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

गवत मोजण्यात एवढे काय आहे, असे कोणास वाटेल. आपल्या शेतकऱ्याने ते पिढ्यान् पिढ्या मोजलेच आहे. पेंढी, भारा, गाडी, गंजी ही त्याची मापे. परंतु ही मापे कापलेल्या गवताची आहेत. उभ्या गवताची नव्हेत. आणि राज्यकर्त्यांचे भांडण आले ते नेमके उभ्या गवतावरून. कारवारचा हा उत्तर भाग १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथल्या कुमरी शेतीवर, म्हणजे रान तोडून, जाळून, फिरत फिरत करावयाच्या शेतीवर निर्बंध आले. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानांच्या सीमा पक्क्या केल्या. कोणत्या कुरणात किती गुरे चरावीत हे ठरवावयाचे, तर सरकार मोजी गुरांची डोकी आणि जमिनीचे एकर. या दोहोंच्या मधले जे गवत, ते कोणी मोजतच नव्हते. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने डोंगर आणि गायराने बंद केल्याबद्दल जो संताप व्यक्त केला आहे, तो आजही वाचणाऱ्याला जाणवतो. त्या वादात एका बाजूला अनुभव होता, दुसऱ्या बाजूला अधिकार होता. मोजमाप मात्र कोणाजवळच नव्हते.

याचा अर्थ इंग्रज अमदानीत गवताकडे कोणी पाहिले नाही असा नव्हे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. कारवारच्या रानांत जंगल अधिकारी म्हणून वावरलेले टॅलबट यांनी झाडाझुडपांची बारकाईने नोंद केली. पुढे १९३५ मध्ये फादर ब्लॅटर आणि मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ निघाला. या पुस्तकांच्या साह्याने हातातील गवत कोणत्या जातीचे, हे निश्चित सांगता येऊ लागले. पण ‘कोणते’ हा एक प्रश्न, आणि ‘किती’ हा अगदी निराळा. गावात कोण कोण राहतात याची यादी म्हणजे खानेसुमारी नव्हे.

खानेसुमारीचा पहिला चिकाटीचा प्रयत्न झाला तो इंग्लंडमध्ये, रोथॅमस्टेड येथे. लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने १८५६ साली एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडून त्यांवर निरनिराळी खते घालण्यास प्रारंभ केला. तो प्रयोग आजतागायत चालू आहे. गवत कापून वाळविल्यावर त्यातील मूठभर नमुना घ्यावयाचा, हातांनी काडी-काडी वेगळी करून जातवार ढीग लावावयाचे, आणि प्रत्येक ढीग तोलावयाचा, अशी त्यांची रीत. पद्धत अचूक, पण जीव काढणारी. तीतून जे निष्पन्न झाले ते मात्र कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. नत्रयुक्त खताने गवताचे वजन वाढले, पण गवतांच्या आणि फुलझाडांच्या जाती घटत गेल्या. ज्या पट्ट्यांना खत मिळाले नाही, तेथे विविधता टिकून राहिली. ‘पुष्कळ गवत’ आणि ‘पुष्कळ प्रकारचे गवत’ या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे प्रथम तराजूने सिद्ध झाले.

दुसरे पाऊल अमेरिकेत पडले. नेब्रास्का विद्यापीठातील रॉस्को पौंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स हे दोघे तरुण तेथील अफाट गवताळ मैदानांचे वर्णन करीत होते. त्यांतील पौंड हे पुढे हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयाचे प्रमुख झाले, ही एक गमतीची गोष्ट. आरंभी तेही इतरांप्रमाणे नजरेने पाहून ‘विपुल’, ‘तुरळक’ असे शेरे मारीत. परंतु १८९८ च्या सुमारास त्यांनी पाच मीटर बाजूचे चौरस आखून त्यांतील एकेक रोप मोजून पाहिले, तेव्हा नजर किती फसविते हे त्यांच्या लक्षात आले. उंच आणि फुललेली वनस्पती डोळ्यांत भरते, म्हणून ती पुष्कळ वाटते. जमिनीलगतची बारीक रोपे संख्येने अधिक असूनही दिसत नाहीत. त्या दिवसापासून चौकट हे या शास्त्राचे मुख्य हत्यार झाले. आजही महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीला निघतात, तेव्हा लाकडी किंवा लोखंडी चौकट त्यांच्या खांद्यावर असते.

परंतु गवताच्या बाबतीत रोपे मोजणे म्हणजे तरी काय? हरळी जमिनीवर सरपटत जाते आणि पेरापेराला मुळे धरते. तिचे एक रोप कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले? एका ठोंबातून पन्नास काड्या वर आल्या, तर ते एक झाड मानावयाचे की पन्नास? या अडचणीतून डेन्मार्कच्या राउंकिएर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक सोपी वाट काढली. ते म्हणाले, मोजूच नका. एक दशांश चौरस मीटरची लहान चौकट कुरणात ठिकठिकाणी टाका, आणि प्रत्येक वेळी अमुक जात तीत आहे की नाही, एवढेच लिहा. शंभर वेळा चौकट टाकली आणि साठ वेळा ती जात सापडली, तर तिची वारंवारिता साठ टक्के. हे काम झपाट्याने होते, आणि दोन माणसांच्या उत्तरांत फारसा फरक पडत नाही.

तथापि या सोयीची किंमत द्यावी लागते. एक उदाहरण घेऊ. शंभर चौरस मीटरच्या दोन कुरणांत प्रत्येकी शंभर रोपे आहेत. पहिल्यात दर चौरस मीटरला एक, अशी ती सारखी विखुरली आहेत. दुसऱ्यात सगळी दहा चौरस मीटरच्या एका कोपऱ्यात दाटली आहेत. आता एक चौरस मीटरची चौकट घेऊन प्रत्येक जागा तपासली, तर पहिल्या कुरणात वारंवारिता येईल शंभर टक्के, दुसऱ्यात दहा टक्के. संख्या तीच, घनताही सरासरीने तीच; मग वारंवारितेत दसपट अंतर कशाने पडले? कारण हे माप रोपांची संख्या सांगत नाही. ती रोपे कशी पसरली आहेत हेही तीत मिसळते. शिवाय चौकट मोठी केली की वारंवारिता आपोआप वाढते. म्हणून चौकटीचे माप न सांगता नुसती टक्केवारी देणे म्हणजे शेर की पायली हे न सांगता धान्याचा आकडा देण्यासारखे आहे.

याच सुमारास युरोपात ब्राउन-ब्लांके यांनी वनस्पतींच्या समाजशास्त्राचा पाया घातला. त्यांचा मुख्य ग्रंथ १९२८ चा. कोणती जात जमिनीचा किती भाग झाकते, हे नजरेने अजमावून ते तिला गुण देत. पाच टक्क्यांहून कमी भाग झाकला तर, रोपांची संख्या अगदीच तुरळक नसल्यास, एक. पाच ते पंचवीस टक्के झाकला तर दोन. आणि असे चढत जाऊन तीन चतुर्थांशाहून अधिक भाग झाकणाऱ्या जातीला पाच. तीच जात एकेकटी उभी आहे की घोळक्याने, याचा गुण वेगळा. फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांच्या हाताखाली मुंबईचे एक पारशी विद्यार्थी शिकत होते. त्यांचे नाव फरेदून रुस्तमजी भरुचा. दक्षिण फ्रान्समधील रुक्ष माळांच्या वनस्पतींवर प्रबंध लिहून ते मुंबईस परतले आणि तेथील विज्ञानसंस्थेत वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करू लागले. भूमध्य समुद्राकाठी शिकलेली पद्धत त्यांनी आपल्या मातीत लावून पाहिली. प्रथम मुंबई बेटावरील गवते, नंतर मुंबई राज्यातील गवतांचे समूह, आणि १९५८ मध्ये के. ए. शंकरनारायण यांच्या सहकार्याने सह्याद्रीतील गवताळ प्रदेशांवरचा प्रदीर्घ लेख, असा हा क्रम आहे. तो लेख इंग्लंडमधील परिस्थितिविज्ञानाच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या गवतावर केवळ नावांची यादी न देता त्याची मांडणी, प्रमाण आणि जमिनीशी असलेले नाते तपासणारे हे महत्त्वाचे काम आहे.

पुण्यातही या दिशेने विचार चालू झाला होता. शेतकी खात्यातील बर्न्स यांनी कुलकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांसह १९२५ साली हिंदी गवते व कुरणे यांवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे स्वातंत्र्यानंतर भारतीय कृषि संशोधन परिषदेने १९५४ ते १९६२ या काळात देशभरच्या कुरणांची पाहणी करविली, आणि १९६२ मध्ये झांशी येथे गवत व चारा यांसाठी स्वतंत्र संशोधनसंस्था स्थापन झाली. या पाहणीचे फळ म्हणजे दाबडघाव आणि शंकरनारायण यांचा १९७३ चा ग्रंथ. भरुचांचे सहकारी शंकरनारायण ते हेच. या ग्रंथाने भारतातील गवताचे पाच मोठे प्रकार पाडले. त्यांपैकी आपल्या दख्खनचा आणि बहुतेक द्वीपकल्पाचा जो प्रकार, त्याला ज्या दोन गवतांवरून नाव मिळाले, ती आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीची आहेत: शेडा आणि मारवेल.

या ओळखीला व्यावहारिक मोल आहे. चराई बेताची असेल तर शेडा, पवन्या, मारवेल यांसारखी बहुवर्षायु आणि कसदार गवते टिकतात. ती बेसुमार झाली की प्रथम हीच मागे हटतात, कुसळी पुढे येते, आणि त्यानंतर तिच्याहूनही निकस गवते जागा बळकावतात. दुरून पाहणाऱ्याला डोंगर पूर्वीसारखाच हिरवा दिसतो. गाईला मात्र फरक कळतो. जातवार मोजणी केली, तरच हा ऱ्हास वेळेवर ध्यानात येतो.

नजरेच्या अंदाजावरचा अविश्वासही वाढत होताच. १९३३ साली न्यूझीलंडमध्ये लेव्ही आणि मॅडन यांनी दहा सुया बसविलेली एक चौकट वापरली. सुई वरून हळूहळू खाली सोडावयाची आणि तिचे टोक कोणत्या पानाला लागते ते टिपावयाचे. वीस ठिकाणी चौकट ठेवली तर दोनशे सुया होतात; त्यांतील चोपन्न एका जातीला लागल्या, तर त्या जातीचे आच्छादन सत्तावीस टक्के. अंदाजाला येथे वाव राहिला नाही, असे वाटले. परंतु १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियातील गूडॉल यांनी दाखवून दिले, की सुई जितकी जाड, तितके आच्छादन फुगते, आणि बारीक पानांच्या गवताच्या बाबतीत हा दोष अधिक. हत्यार बदलले म्हणून चूक नाहीशी होत नाही. ती जागा बदलते. पुढे १९५९ मध्ये अमेरिकेत डॉबनमायर यांनी वीस सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर लांब अशी छोटी चौकट व आच्छादनाचे सहा वर्ग सुचविले. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात तर काडी-काडी वेगळी करण्याच्या रोथॅमस्टेडच्या शिक्षेतून सुटका करणारी युक्ती निघाली. प्रत्येक चौकटीत वजनाने पहिली, दुसरी आणि तिसरी जात कोणती एवढेच लिहावयाचे, आणि ठरलेल्या गुणकांनी जातवार वजनाचा हिशेब बसवावयाचा.

एवढा प्रवास पाहिल्यावर कोणी म्हणेल, की हा पंडितांचा खेळ झाला. गुंदच्या माणसाला याचे काय? त्याला याचे फार काही आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हेसुद्धा गवतच. १९२७ च्या वनकायद्याने त्याला झाडाच्या व्याख्येत बसविले होते. वनक्षेत्राबाहेरील बांबूची त्या व्याख्येतून सुटका होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. या बांबूवर भिस्त ठेवून दांडेलीस कागदाचा कारखाना उभा राहिला. त्याची कंपनी १९५५ मध्ये स्थापन झाली. रानातला बांबू दीर्घकाळ पुरेल असा सरकारी हिशेब होता. पण रान लवकरच रिते होऊ लागले. टोपल्या, सुपे विणून पोट भरणाऱ्या बुरूड मंडळींना बांबू मिळेना, आणि त्यांनी तक्रार केली. १९७५ च्या सुमारास या प्रश्नाचा शोध घेण्याचे काम कर्नाटक सरकारने पुण्यात जन्मलेले आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत काम करणारे माधव गाडगीळ यांच्याकडे सोपविले.

गाडगीळ आणि त्यांचे सहकारी उत्तर कन्नडच्या रानांत हिंडले, आणि बेटे प्रत्यक्ष मोजून पाहता बांबूच्या साठ्याचे मूळ अंदाज भलतेच फुगलेले होते असे आढळले. अशी फूग कशी येते हे समजून घेण्यासारखे आहे. साठा काढावयाचा तर बेटांची संख्या, दर बेटातील काठ्यांची संख्या आणि दर काठीचे वजन, या तिघांचा गुणाकार करतात. प्रत्येक आकडा केवळ पाव हिश्श्याने चढा धरला, तरी गुणाकार जवळजवळ दुप्पट होतो. तीन छोट्या चुका मिळून एक मोठे संकट उभे राहते, आणि त्या कागदावर सही करणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटतही नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. बेट मोकळे राहावे, तोड सुलभ व्हावी, म्हणून ते छाटून काढणे हितकर, असा वनखात्याचा समज होता. गावकरी सांगत होते, की हे काटे काढू नका. काटे गेले की पावसाळ्यातले कोवळे कोंब गुरे आणि रानातली जनावरे खाऊन टाकतात. हे त्यांचे बोलणे कोणी मनावर घेतले नव्हते. या अभ्यासात किती कोंब उगवले आणि त्यांतील किती तगले याची नोंद झाली, तेव्हा गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले. मोजणीने गावकऱ्यांच्या ज्ञानाला सरकारदरबारी उभे राहण्यापुरता आधार दिला.

आज मोजणीची साधने आणखी पालटली आहेत. कृत्रिम उपग्रह आकाशातून जमिनीचा हिरवेपणा टिपतात आणि लक्षावधी एकरांचा नकाशा अल्पावधीत तयार होतो. ही साधने उपयोगी आहेत यात संशय नाही. परंतु हिरवेपणा म्हणजे चारा नव्हे. मारवेल हिरवी, आणि जिला जनावर तोंड लावीत नाही ती रानमोडीही हिरवीच. वरून घेतलेल्या चित्राला जमिनीवरील चौकटीची साक्ष मिळाली, तरच ते विश्वासार्ह ठरते. शिवाय आपल्या दप्तरांत आजही अनेक माळ आणि कुरणे ‘पडीक’ या सदराखाली मांडली जातात. ज्याचे पीक मोजले जात नाही, त्याला पडीक म्हणणे सोपे असते. आणि एकदा पडीक म्हटले, की ते दुसऱ्या कामासाठी देऊन टाकणे त्याहूनही सोपे.

मग गुंदसारख्या गावाने काय करावे? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्यांवर लोकांच्या माहितीची नोंदवही तयार करण्याचे काम सोपविले आहे. त्या वहीत केवळ नावांची यादी न ठेवता, चार-दोन कायमच्या जागा खुणा करून राखाव्यात आणि दरवर्षी एकाच पंधरवड्यात, एकाच मापाच्या चौकटीने तेथील गवत मोजावे. हे काम शाळेतील मुलेही करू शकतील, जाणत्या गुराख्याने जवळ बसून जाती ओळखून दिल्या म्हणजे झाले. काय मोजले, कशाने मोजले आणि कोणत्या महिन्यात मोजले, या तीन गोष्टी मात्र प्रत्येक पानावर लिहिल्याच पाहिजेत. एका वर्षाचा आकडा फारसे काही सांगणार नाही. दहा वर्षांचे आकडे पुष्कळ सांगतील. मग ‘गवत कमी झाले’ असे गावाने म्हटले आणि ‘किती कमी?’ असे कोणी विचारले, तर उत्तर देण्यासाठी गावाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.